एक, दोन आणि तिसरा शब्द

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता शाळेच्या जिन्यात पुस्तकांचे कपाट अडकले आणि मुकादमाच्या तोंडून एक शिवी गेली. ती शाळेतल्या सगळ्या वर्गांत एकाच वेळी ऐकू आली.

कारण साधे होते. ही शाळा जुन्या इमारतीतून पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत चालली होती. सभागृह रिकामे करताना कोणीतरी तिथला बिनतारी माईक एका टोपलीत टाकला, टोपली माझ्या पाठीवर ठेवली आणि मला जिन्याच्या तोंडाशी उभे केले. माईकचे बटण चालूच राहिले होते. वर्गांतले कर्णे अजून भिंतीवरून उतरवलेले नव्हते. मुकादम माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि त्याचा आवाज मुळात असा की त्याला माईकची गरज पडत नाही.

मी एक जुनी ढकलगाडी आहे. घरांचे आणि दुकानांचे सामान हलवणाऱ्या एका टोळीकडे मी नोकरीला आहे. त्या शिवीची सर्वांत जवळची साक्षीदार मीच, त्यामुळे जे घडले ते सांगण्याचा पहिला हक्कही माझा. पण मित्रांनो, त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

माझा जन्म एक सुतार आणि एक वेल्डर यांच्या भांडणातून झाला. सुतार म्हणत होता फळी जाड हवी, वेल्डर म्हणत होता सांगाडा हलका हवा. शेवटी दोघांनी आपापलेच खरे केले. माझी पाठ म्हणजे एक जुने दार आहे. कडीचे भोक अजून उजव्या कोपऱ्यात दिसते. माझी तीन चाके एका कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या गाडीची. चौथे, पुढचे डावे, एका दवाखान्याच्या खाटेचे. ते बाकीच्यांपेक्षा जरा लहान आहे. त्यामुळे मला कोणी कितीही सरळ ढकलले तरी मी डावीकडे जाते. हा माझा स्वभाव आहे, हट्ट नव्हे. मात्र हे ढकलणाऱ्याला पटवून देणे फार कठीण.

पहिल्याच दिवशी मी एका नव्या घराच्या चौकटीला धडकले. मुकादम तेव्हा मुकादम नव्हता. नुकती मिशी फुटलेला, दणकट खांद्यांचा तरुण होता. तो माझ्याकडे बघून एक शब्द बोलला. मला वाटले, आपले नाव ठेवले.

त्यानंतर सगळे मला त्याच नावाने हाक मारू लागले. "ती अमुकतमुक कुठे गेली?" "अमुकतमुकला इकडे आण." "अमुकतमुकचं चाक पुन्हा अडकलं." ते नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्या नावात माझ्या आईचा उल्लेख होता. मला आई नाही. सुतार आहे आणि वेल्डर आहे. पण लोक न चुकता माझ्या आईची आठवण काढतात, म्हणजे किती आपुलकी, असे समजून मी कित्येक वर्षे खूश होते.

कामाची ती वर्षे चांगली गेली. मी नव्या जोडप्यांचे पलंग वाहिले आणि दंतवैद्याची ती खाली-वर होणारी खुर्ची वाहिली. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांचे सगळे घर माझ्या एका खेपेत मावले. एक पेटी, एक खुर्ची आणि गुंडाळलेला बिछाना. त्या दिवशी मुकादम वाटभर एक अक्षर बोलला नाही. एका बाईंनी आरशाचे कपाट ओरखड्याशिवाय पोहोचले म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. "जुनं ते सोनं," असे त्या म्हणाल्या. तो स्पर्श मला अजून आठवतो.

पुढे रबरी चाकांची नवी गाडी आली. ती चालताना आवाज करीत नसे आणि सरळ जात असे. मला गोदामाच्या मागच्या भिंतीशी उभे केले. माझ्यावर रंगाचे डबे आले, मग डब्यांवर जुनी पोती आली, पोत्यांवर मांजर आले. गंज चढत गेला. कोणी मला काही म्हणत नव्हते. मित्रांनो, कोणी शिवीसुद्धा देऊ नये, हा किती एकटेपणा असतो, ते मला तेव्हा कळले.

त्या काळात माझ्याकडे एकच माणूस येई. मुकादमाची नात. ती एका जागी कधी उभी राहत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आई औषधांच्या दुकानात कामाला. ती घरी येईपर्यंत, शाळा सुटल्यावर भिंगरी गोदामात थांबे. तिने मांजराला उठवले, पोती ओढून काढली, डबे ढकलून दिले आणि माझ्यावर बसून म्हणाली, "आजोबा, ढकला." मुकादमाने ढकलले. मी डावीकडे गेले. ती खदखदून हसली. "ही बघा, आपणहून वळते!" तेव्हापासून रोज संध्याकाळी गोदामात तिची एक फेरी ठरलेली. डावीकडे जाणाऱ्या गाडीचे कौतुक होऊ शकते, हे मला तिच्यामुळे समजले.

आता त्या शिवीबद्दल. मुकादम वाईट माणूस नाही. तो रागाने शिव्या देत नसे. तोंडातून श्वास बाहेर पडावा तशा त्या पडत. आणि कामात तर त्यांना जागाच नेमून दिलेली होती. जड वस्तू उचलताना सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावावा लागतो. दुसरे लोक म्हणतात, "एक, दोन, तीन." आमच्या टोळीत "तीन" नव्हताच. एक, दोन, आणि तिसऱ्या जागी शिवी. त्या शब्दावर मुकादमाचा मेहुणा मागून जोर लावी, पैलवान खालून खांदा देई, आणि तिजोरी असो की कपाट, वर उठे. पैलवान हे नाव त्याच्या काडीसारख्या अंगाला बघून ठेवले होते, पण खांदा लोखंडी. त्या एका शब्दावर कितीतरी घरे उचलली गेली. कोणाचे बोट चेचले नाही, कोणाची वस्तू फुटली नाही.

त्या मंगळवारीही तसेच झाले. शाळेचा बोळ अरुंद, नवी गाडी त्यात मावेना, म्हणून मला बाहेर काढले होते. कपाट वळणावर अडकले. मुकादम म्हणाला, "एक... दोन..." आणि तिसरा शब्द.

कपाट सुटले. शाळा मात्र गप्प झाली, आणि याच शाळेत भिंगरी शिकते.

मग मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, जिना उतरून आल्या. त्या चिडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी टोपलीत हात घालून माईक शोधला आणि बटण बंद केले.

"उरलेलं सामान पुढच्या मंगळवारी हलवायचंय," त्या म्हणाल्या. "मुलं वर्गातच असतील. तुम्ही येणार असाल तर तोंड घरी ठेवून या."

"तोंड घरी ठेवलं तर डबा कशानं खायचा?" मेहुणा पुटपुटला.

मुकादमाने त्याच्याकडे पाहिले. मेहुणा कपाटाच्या मागे गेला.

त्या दिवशी संध्याकाळी भिंगरी गोदामात आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई, मुकादमाची लेक, एकटीच आली आणि दाराशी उभी राहिली.

"बाबा, वर्गात एका मुलानं तिला विचारलं, कर्ण्यातून बोलला तो तुझा आजोबा ना. आणि मग तो शब्द सगळ्यांसमोर म्हणून दाखवला."

"मग?"

"ती म्हणाली, तो माझा आजोबा नाही. आमचा शेजारी आहे."

मुकादम माझ्यावर बसला. इतक्या वर्षांत त्याने माझ्यावर सगळे काही बसवले होते, पण स्वतः कधी बसला नव्हता.

"शेजारी काय वाईट नाही, भावोजी," मेहुणा म्हणाला. "अडीअडचणीला शेजारीच धावून येतो."

"तू गप बस."

"ती आता समोर शिंप्याकडे बसते," लेक म्हणाली. "मी येईपर्यंत. मी सांगून बघितलं, बाबा. ओढून आणू का?"

"नको," मुकादम म्हणाला. "ओढून आणायला ती काय कपाट आहे?"

रस्त्याच्या पलीकडे शिंप्याचे दुकान आहे. आमच्या उघड्या शटरमधून ते पूर्ण दिसते. भिंगरी तिथे कापडाच्या चिंध्यांमध्ये, आमच्याकडे पाठ करून बसलेली होती. तिची वेणी हलत नव्हती. भिंगरी थांबलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आमच्या गोदामात एका कोपऱ्यात भिंगरीची आजी, म्हणजे मुकादमाची बायको, बसते. सामानाला ओरखडे पडू नयेत म्हणून जुन्या चादरी एकावर एक ठेवून ती जाड दुलया शिवते. ती कमी बोलते. सुई चालू असताना तर नाहीच. त्या संध्याकाळी तिने सुई दुलईत खोचून ठेवली.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "जिन्यात कपाट अडकलं. बरोबर?"

"बरोबर," मुकादम म्हणाला.

"मग त्याच्या आईला मधे का आणलंत?"

मुकादमाने एक दोर गुंडाळायला घेतला.

"ताई, तशी पद्धत असते," मेहुणा म्हणाला.

"कपाटाची आई म्हणजे झाड. जन्मभर सावली दिली, फळं दिली, शेवटी लाकूडही दिलं. आणि तुमच्याकडून तिनं हे ऐकायचं?"

"आता बोलून काय उपयोग?" मुकादम म्हणाला. "पोरगी गेली ती गेली."

"कुठे गेली? समोर बसलीय. कान इकडेच आहेत तिचे. मंगळवारी तुम्ही परत त्या शाळेत जाणार, तिच्या वर्गाला लागून जिना आहे. त्या दिवशी तिला काय ऐकू येणार, ते ठरवा."

मुकादमाने मान डोलावली. मग त्याने शिवी बंद केल्याचे तिथल्या तिथे जाहीर केले, आणि ते जाहीर करताना सवयीने एक दिली. आजीने नुसते पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून गोदामात सराव सुरू झाला. रिकामे लोखंडी कपाट मधोमध उभे केले. पहिल्यांदा सगळ्यांच्या मते सोपा उपाय होता: "तीन" म्हणायचे. मुकादम म्हणाला, "एक, दोन, तीन." पैलवानाने "तीन"ला उचलले. मेहुणा "तीन"नंतर काय येते याची वाट पाहत राहिला. कपाट कलले, त्याचे दार उघडले आणि पैलवानाच्या गालावर सपकन बसले.

"मला वाटलं अजून यायचंय," मेहुणा म्हणाला.

"तीनच्या पुढे काय येतं?"

"आपल्यात काय यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, भावोजी."

तर "तीन" बाद. शब्दच हवा होता. मेहुण्याने सुचवले, "आईच्या गावात!"

"गावात आईच आहे ना?" आजी म्हणाली. "आधी नुसतं तिच्यापुरतं बोलत होतात, आता गावभर केलंत."

पैलवानाने एका भाजीचे नाव सुचवले. आजीने भुवया वर केल्या.

"ती भाजी कोणत्या शब्दाच्या जागी घेतात, ते मला कळतं. भाजी निवडताना हात गुंतलेले असतात, कान नाही."

पैलवान लाजला. मग आजीने स्वतःच शब्द पुरवायला सुरुवात केली. ती दुलई शिवत होती आणि दोऱ्याबरोबर शब्द ओढून काढत होती. "उलट्या छत्रीच्या! गंजक्या बिजागरीच्या! फाटक्या पायमोज्या! अर्धवट पिळलेल्या फडक्या! झुरळाच्या डाव्या मिशी!"

मला इतके आवडले म्हणून सांगू! प्रत्येक शब्द ऐकून वाटे, हा आपल्याला मिळावा. आणि मित्रांनो, मला मिळालाच. मी नेहमीप्रमाणे डावीकडे जाऊन भिंतीवर आपटले तेव्हा मुकादमाने तोंड उघडले, मिटले, आजीकडे पाहिले आणि म्हणाला, "काय ही तिरपागडी!" त्या दिवसापासून माझे नाव तिरपागडी. हे नाव मी कुठेही सांगू शकते. नव्या इमारतीत, पाहुण्यांसमोर, तुमच्यासमोरसुद्धा.

पण कपाटाचा प्रश्न सुटला नव्हता. मुकादम म्हणाला, "एक, दोन, उलट्या छत्रीच्या!" आणि पैलवानाला हसू फुटले. हसू आले की पोट सैल पडते, पोट सैल पडले की हातातला जोर जातो. कपाट धाडकन खाली. "एक, दोन, फाटक्या पायमोज्या!" या वेळी मेहुणा जमिनीवर बसून हसत राहिला. शिवीने दम येतो आणि हसण्याने जातो, ही अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती. शब्द गमतीचा हवा म्हणजे कोणाला लागणार नाही. पण गमतीचा असला तर कपाट उठणार नाही.

"मग हसू झिजवा," आजी म्हणाली.

"म्हणजे?"

"एकच शब्द धरा आणि म्हणत राहा. नवी चप्पल चावते, वापरून वापरून बसते. तसंच."

कोणता शब्द धरायचा, यावर बराच वेळ गेला. "टोपली" म्हटले की हात हलका पडतो, असे पैलवानाचे मत. "बटाट्या" म्हटले की त्याला भूक लागते. शेवटी आजी म्हणाली, "धबडग्या."

मुकादमाने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. एकदा हळू, एकदा मोठ्याने.

"दमदार आहे," तो म्हणाला. "पोटातून निघतो. पण माणसाला धबडग्या म्हणायचं म्हणजे नक्की काय?"

"तुमच्या जुन्या शब्दाचा अर्थ कधी कोणाला विचारला होतात?"

त्यानंतर आमच्या गोदामात दुसरे काही ऐकू आले नाही. धबडग्या, धबडग्या, धबडग्या. पाणी पिताना धबडग्या, दोर गुंडाळताना धबडग्या. आधी तिघे हसून बेजार झाले. मग नुसते हसले. मग एकटा पैलवान हसायचा. समोरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन रस्त्याच्या मधोमध आला.

"कोण यायचाय तुमच्याकडे? केव्हाची हाक मारताय, येत का नाही तो?"

"येईल," मुकादम म्हणाला. "वेळ लागतोय."

मी शिंप्याच्या पाठीमागे पाहत होते. दुकानात भिंगरी अजून आमच्याकडे पाठ करूनच बसली होती. पण तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मला इतक्या लांबून ओळखता आले नाही. मुकादमानेही पाहिले. तो पुढचा धबडग्या जरा मोठ्याने म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी पैलवान हसायचा थांबला. "एक, दोन, धबडग्या!" कपाट सरळ वर उठले, पाण्यात तरंगल्यासारखे. आजीने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "झिजलं."

मंगळवारी सकाळी आम्ही शाळेत गेलो. या वेळी माईक सर्वांत आधी बंद करून मोठ्या बाईंच्या कपाटात कुलपात ठेवला होता. बाई स्वतः जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या राहिल्या. भिंगरीचा वर्ग तळमजल्यावर, जिन्याला लागून. वर्गाचे दार अर्धे उघडे होते. आतली मुले पाढे म्हणत होती खरी, पण आमची टोळी जिन्यावर आली की पाढे हळू होत. सगळ्यांना एकाच गोष्टीची उत्सुकता होती. ती पोरे कान टवकारून बसली होती.

खुर्च्या गेल्या. नकाशे गेले. काचेची कपाटे "एक, दोन, धबडग्या" म्हणत खाली उतरली. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा वर्गात खसखस पिकली. वर उभ्या असलेल्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

सर्वांत शेवटी प्रयोगशाळेचे टेबल राहिले होते. त्याच्यावर काळ्या दगडाची अख्खी लादी बसवलेली. ते आले तेव्हा कसे वर चढवले होते, कोणालाच आठवत नव्हते. मला जिन्याच्या पायथ्याशी लावले, चाकाखाली लाकडाची पाचर मारली. तिघांनी टेबल एक एक पायरी उतरवले. शेवटच्या पायरीवर त्याची कड माझ्या पाठीवर टेकली, आणि एवढ्या वजनाने पाचर सटकली. मी अर्थातच डावीकडे गेले. टेबल तिरके झाले. लादीची कड आणि जिन्याचा लोखंडी कठडा यांच्यामध्ये मुकादमाची बोटे सापडली.

मी इतकी जवळ होते की त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. तो पांढरा पडला. टेबल वर उचलल्याशिवाय बोटे सुटणार नव्हती आणि तिघांनी एकदम जोर लावल्याशिवाय टेबल उठणार नव्हते.

"एक..." मुकादम म्हणाला. "दोन..."

आणि त्याने तोंड मिटले.

पैलवान खांदा लावून वाट पाहत होता. मेहुणा वाट पाहत होता. मुकादमाचे ओठ घट्ट आवळलेले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते. मी इतकी वर्षे त्याच्या तोंडून शब्द ऐकत आले आहे, म्हणून मला कळले. जुना शब्द ओठांपर्यंत आला होता. कळ मोठी होती आणि दोन्ही शब्द एकाच दारात उभे होते. तोंड उघडले तर कोणता बाहेर पडेल, याची त्याची त्यालाच खात्री नव्हती. आणि दाराआड ती बसली होती.

"भावोजी, बोला!" मेहुणा ओरडला. "अहो, बोला ना, बोटं जातील!"

मुकादमाने मान हलवली. नाही.

वर्गातले पाढे पूर्ण थांबले होते. टेबल आणखी थोडे सरकले. पैलवानाचा पाय पायरीवरून घसरू लागला. शब्दाशिवाय त्या दोघांच्या अंगात जोर येत नव्हता. त्यांची शरीरे तशी शिकलेलीच नव्हती.

तेव्हा वरून मोठ्या बाई धावत आल्या. त्यांनी साडीचा पदर खोचला होता. "अहो मुकादम, बोला!" त्या ओरडल्या. शाळेत त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नसेल. "काय तोंडात येईल ते बोला! मी सांगतेय! काहीही!"

मुकादमाने तोंड उघडले.

"धबडग्याऽऽ!"

भिंतीवरचा चुना पडला म्हणतात, ते मी पाहिले नाही. मी फक्त एवढे पाहिले की टेबल उठले, बोटे निघाली आणि पुढच्या क्षणी ती सगळी लादी माझ्या पाठीवर व्यवस्थित बसली. माझा सांगाडा कुरकुरला. मी सहन केले.

मोठ्या बाईंनी स्वतः औषधांची पेटी आणून मुकादमाच्या बोटांना पट्टी बांधली. दोन नखे काळीनिळी झाली होती, हाडे शाबूत होती.

"मी परवानगी दिली होती तुम्हाला," पट्टीची गाठ मारताना त्या हळूच म्हणाल्या.

"हो ना, बाई," मुकादम म्हणाला. "पण परवानगी मिळाल्यावर त्यातली मजाच गेली."

मोठ्या बाई हसल्या. मग त्यांना आपण शाळेत आहोत हे आठवले आणि त्यांनी पेटी बंद केली.

त्याच वेळी वर्गातून कुजबुज आली. दार अर्धे उघडे होते, त्यामुळे मला नीट ऐकू आले. आवाज त्याच मुलाचा असावा. "ए, हाच ना तुझा शेजारी?"

एक बाक करकरला.

"शेजारी नाही," भिंगरी म्हणाली.

"मग कोण?"

इतक्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि बाकांचा, डब्यांचा, पळापळीचा असा काही गोंगाट उठला की तिने काय सांगितले ते मला कळले नाही. मुकादम पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभा होता. त्याने ऐकले का, हेही मला सांगता येणार नाही. त्याने मला विचारले नाही, मी त्याला विचारू शकत नाही.

मुले बाहेर आली तेव्हा सगळी आपापली दप्तरे एकाच पद्धतीने उचलत होती. एक, दोन, आणि तो शब्द. मोठ्या बाईंना यावर काय करावे ते अजून ठरवता आलेले नाही, असे कानावर आले.

मित्रांनो, मी एक साधी गाडी आहे. उपदेश करण्याइतकी माझी पात्रता नाही. मी तर सरळसुद्धा चालत नाही. पण आयुष्यभर वजने वाहिल्यामुळे एवढे कळते की शब्दालाही वजन असते, आणि ते बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या पाठीवर जास्त पडते. राग आला, कळ आली, कपाट अडकले तर जरूर ओरडा. ओरडल्याशिवाय काही वस्तू उठतच नाहीत. फक्त दाराआड कोण बसले आहे, त्याची आठवण ठेवा. आणि तुमच्याकडे एखादी जुनी ढकलगाडी असेल तर तिच्या चाकात थोडे तेल घाला. तिला कोणत्याही नावाने हाक मारा, पण हाक मारा.

आज बुधवार आहे. शाळा सुटून बराच वेळ झाला. मुकादमाने दुपारपासून मला पुसून, तेल घालून गोदामाच्या मधोमध उभे केले आहे. आता तो आमच्याकडे पाठ करून एका हाताने दोराची गाठ मारायचा प्रयत्न करतो आहे. एका हाताने ती बसत नाही, हे त्यालाही माहीत आहे. आजीने शिवणावरून मान वर केलेली नाही. मेहुणा आणि पैलवान पोत्यांवर बसून चहा पीत आहेत आणि दोघांनीही कप तोंडाशी तसेच धरून ठेवले आहेत.

भिंगरी शिंप्याच्या दुकानातून उठली. तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले आणि रस्ता ओलांडला. ती आमच्या शटरपाशी उभी आहे. अजून आत आलेली नाही.